सुटे भाग घेऊन डेस्कटॉप जुळवताना: आधी काय ठरवायचं आणि कशाला काय बसतं

बहुतेक जण यादी प्रोसेसरपासून सुरू करतात. मग त्याला शोभेल असा मदरबोर्ड, उरलेल्या पैशांत ग्राफिक्स कार्ड आणि शेवटी हाताला लागेल तो एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. यातली प्रत्येक वस्तू एकेकटी चांगली असते. एकत्र आणल्यावर मात्र कार्ड कॅबिनेटमध्ये मावत नाही, कूलरखाली रॅम अडकते, नाहीतर बोर्डाला नवा प्रोसेसर ओळखताच येत नाही. खराब वस्तूमुळे फसलेले पीसी कमी. दोन वस्तूंमधला सांधा न तपासल्यामुळे फसलेले कितीतरी जास्त. म्हणून खाली प्रत्येक भागाबरोबर तो दुसऱ्या कुठल्या भागाशी अडतो, हेही सांगितलं आहे.

सुरुवात कामापासून आणि मॉनिटरपासून

पीसीवर खेळायचं असेल तर मॉनिटर आधी ठरवा, कारण ग्राफिक्स कार्डाला किती राबावं लागेल ते तोच ठरवतो. १९२० × १०८० च्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, २५६० × १४४० वर सुमारे ३६.९ लाख, आणि ४के म्हणजे ३८४० × २१६० वर सुमारे ८३ लाख, म्हणजे १०८०पीच्या चौपट. पिक्सेल वाढले की बोजा ग्राफिक्स कार्डावर पडतो. फ्रेमची संख्या वाढवायची असेल तर प्रोसेसरवरही पडतो. ६० फ्रेमसाठी एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ साठी जेमतेम ६.९, आणि तेवढ्यात प्रोसेसरला खेळाचा सगळा हिशेब उरकावा लागतो. म्हणून ४के आणि ६० हर्ट्झ असेल तर मधल्या दर्जाचा प्रोसेसर आणि तगडं कार्ड घ्यावं. १०८०पी आणि २४० हर्ट्झ असेल तर प्रोसेसरवर हात सैल सोडावा.

खेळ सोडून दुसरं काम असेल तर ते सॉफ्टवेअर नेमकं कशावर चालतं ते आधी शोधा. मोठा कोड कंपाइल करणाऱ्याला जास्त कोअर (प्रोसेसरमधली स्वतंत्र गणन-केंद्रं) आणि रॅम लागते, ग्राफिक्स कार्ड जवळजवळ लागत नाही. त्रिमितीय डिझाइनची बरीच सॉफ्टवेअर मॉडेल फिरवताना एकाच कोअरच्या वेगावर अवलंबून असतात. तिथे १६ कोअर घेऊन फायदा नाही. ब्लेंडरसारख्या रेंडरिंगमध्ये एनव्हीडियाच्या कार्डांना ऑप्टिक्स या त्यांच्या रेंडरिंग तंत्रामुळे ठळक आघाडी मिळते. घरच्या मशीनवर भाषा-मॉडेल चालवायची असतील तर कार्डाच्या वेगाआधी त्याची व्हीरॅम, म्हणजे कार्डावरची स्वतःची मेमरी, पाहा, कारण मॉडेल त्यात मावलं नाही तर सगळं रखडतं.

व्हिडिओ एडिटिंगमध्ये एक बारीक गोष्ट हमखास सुटते. अनेक कॅमेरे ४:२:२, १०-बिट एचईव्हीसी या व्हिडिओच्या प्रकारात रेकॉर्ड करतात. हा प्रकार इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्समधल्या क्विक सिंक या व्हिडिओ-विभागाला कित्येक पिढ्यांपासून हार्डवेअरमध्ये उलगडता येतो. एनव्हीडियाच्या कार्डांत तो आरटीएक्स ५० मालिकेपासून आला. त्यामुळे महागडं पण जुन्या मालिकेतलं कार्ड असूनही टाइमलाइन अडखळते आणि दोष उगाच रॅमला दिला जातो.

प्रोसेसर: सॉकेट, नावातली अक्षरं आणि खरे वॅट

नव्या बांधणीसाठी पर्याय मोजकेच आहेत. सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसरची बैठक. एएमडीचा एएम५ सॉकेट २०२२ मध्ये आला आणि त्यावर फक्त डीडीआर५ रॅम चालते. इंटेलच्या १२ व्या, १३ व्या आणि १४ व्या पिढीचा सॉकेट एलजीए १७००. त्याचे बोर्ड डीडीआर४ किंवा डीडीआर५ असे वेगवेगळे मिळतात, त्यामुळे बोर्डाचं पूर्ण नाव वाचल्याशिवाय रॅम घेऊ नका. कोअर अल्ट्रा २०० मालिकेसाठी २०२४ मध्ये एलजीए १८५१ आला, तोही फक्त डीडीआर५ वाला. एएम४ जुना झाला, त्याला डीडीआर४ लागते. दोन्ही रॅमच्या पट्ट्यांची खाच वेगळ्या जागी असते. जोर लावून बसवायला गेलात तर स्लॉट तुटेल.

पुढे तीन-चार वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलायचा विचार असेल, तर सॉकेटचं आयुष्य महत्त्वाचं ठरतं. एएम४ च्या, २०१७ मधल्या कित्येक बी३५० बोर्डांवर नंतर बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) बदलून रायझन ५००० मालिकेचे प्रोसेसर चालले. इंटेल साधारण दोन-तीन पिढ्यांनी सॉकेट बदलतं. पाच-सहा वर्षं काहीच बदलायचं नसेल तर या गोष्टीकडे खुशाल दुर्लक्ष करा.

नावातली अक्षरं नीट वाचा. इंटेलचा ‘एफ’ म्हणजे अंगभूत ग्राफिक्स नाही. वेगळं कार्ड नसेल तर पडदा काळाच राहणार. ‘के’ म्हणजे ओव्हरक्लॉक (ठरलेल्याहून जास्त वेगाने चालवणं) करता येणारा, आणि बहुतेक वेळा डब्यात कूलर नसलेला. एएमडीच्या रायझन ५००० मध्ये ‘जी’ नसेल तर अंगभूत ग्राफिक्स नसतं. रायझन ७००० मध्ये ‘एफ’ वगळता साधं, पडद्यापुरतं ग्राफिक्स असतं. ते खेळांसाठी नसलं तरी मोलाचं आहे, कारण कार्ड बिघडलं तरी मशीन चालू राहतं आणि दोष कार्डाचाच आहे हे पाच मिनिटांत कळतं. ‘एक्स३डी’ म्हणजे प्रोसेसरवर जादा कॅशे (प्रोसेसरची स्वतःची झटपट मेमरी): रायझन ७ ७७०० मध्ये ३२ एमबी एल३ कॅशे आहे, ७८००एक्स३डीमध्ये ९६ एमबी. खेळांत याचा फरक मोठा पडतो, रेंडरिंगमध्ये नगण्य.

डब्यावरचा टीडीपी, म्हणजे वॅटचा आकडा, हा खरा वापर नव्हे. रायझनचा ६५ वॅटचा एएम५ प्रोसेसर प्रत्यक्षात ८८ वॅटपर्यंत जातो आणि १७० वॅटचा २३० पर्यंत. कोअर आय५-१२४०० वर ६५ लिहिलेलं असतं, टर्बोची, म्हणजे जोरात धावतानाची, मर्यादा ११७ आहे. आय९-१४९००केच्या १२५ वॅटमागे २५३ चा टर्बो असतो. कूलर, बोर्ड आणि एसएमपीएस निवडताना हा दुसरा आकडा धरा.

इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतला वरच्या दर्जाचा प्रोसेसर घेणार असाल तर बोर्डाचा बायोस बदलूनच वापरायला लागा. जास्त व्होल्टेजमुळे हे प्रोसेसर कालांतराने अस्थिर होतात, हे कंपनीने २०२४ मध्ये मान्य केलं आणि मायक्रोकोडचे (बायोसमधून प्रोसेसरला मिळणाऱ्या सूचनांचे) नवे अवतार काढले. झालेलं नुकसान बायोसने भरून येत नाही, म्हणून या पिढीतले वरचे प्रोसेसर वापरलेले घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

मदरबोर्ड

बोर्डावर उगाच खर्च करणारे पुष्कळ आहेत. बोर्ड बदलल्याने फ्रेम वाढत नाहीत. तो प्रोसेसरला वीज नीट पुरवतो का आणि लागतील तेवढी जोडणीची ठिकाणं देतो का, एवढंच पाहायचं.

विजेचं काम व्हीआरएम करतं. सॉकेटच्या डावीकडे आणि वर जे चौकोनी चोक रांगेने दिसतात, तो हा भाग. त्यावर धातूचा हिटसिंक नसलेल्या स्वस्त बोर्डावर २५३ वॅट खेचणारा प्रोसेसर बसवला की विचित्र लक्षण दिसतं: प्रोसेसरचं तापमान ७५ अंशांवर शांत, तरी वेग अचानक निम्म्यावर येतो. तापलेला असतो तो व्हीआरएम, आणि स्वतःला वाचवायला तो प्रोसेसरची वीज कापतो. ६५ वॅटच्या प्रोसेसरला मात्र साधा बोर्ड आरामात पुरतो.

चिपसेटची, म्हणजे बोर्डावरच्या नियंत्रक चिपची, बंधनं ओळखून घ्या. इंटेलच्या एच६१० वर रॅमचे दोनच स्लॉट असतात, रॅमचा वेग वाढवता येत नाही आणि एम.२ (एसएसडीचा) स्लॉट पीसीआयई ३.० चा, म्हणजे जुन्या वेगाचा, मिळतो. बी६६० किंवा बी७६० वर रॅमचा वेग वाढवता येतो. एएमडीच्या ए६२० वर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही. सर्वसाधारण घरासाठी बी मालिका योग्य. एक्स किंवा झेड मालिका बरेच ड्राइव्ह, बरीच कार्डं किंवा ओव्हरक्लॉकिंग असेल तरच.

बायोसचा प्रश्न नव्या प्रोसेसरच्या वेळी येतो. बी६५० बोर्डावर रायझन ९००० बसतो, पण डब्यातला बायोस जुना असेल तर मशीन सुरूच होत नाही. यावर इलाज म्हणजे बायोस फ्लॅशबॅकचं बटण. एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर बायोसची फाइल टाकायची, ठरवून दिलेलं नाव द्यायचं, मागच्या खास खूण केलेल्या यूएसबी पोर्टमध्ये लावायचा आणि बटण दाबून धरायचं. प्रोसेसर आणि रॅम नसतानाही हे होतं. पेनड्राइव्ह एक्सएफएटी किंवा एनटीएफएस असेल तर दिवा दोन-चारदा लुकलुकून थांबतो. अडतं ते बहुधा इथेच. नवा प्रोसेसर आणि थोडा जुना बोर्ड असा जोड असेल तर हे बटण असलेलाच बोर्ड घ्या.

मग मॅन्युअलमधलं एम.२ चं पान उघडा. कित्येक बोर्डांवर दुसऱ्या किंवा तिसऱ्या एम.२ स्लॉटमध्ये ड्राइव्ह लावला की दोन साटा (केबलने जोडायच्या ड्राइव्हचे) पोर्ट बंद पडतात. ड्राइव्ह मेला असं वाटतं, पण पोर्टच बंद असतो. कॅबिनेटच्या पुढच्या टाइप-सी पोर्टसाठी बोर्डावर वेगळा हेडर (पिनांची जोडणी) लागतो. तो स्वस्त बोर्डांवर नसतो.

रंगीत दिव्यांचे पंखे घेत असाल तर एक इशारा. ५ व्होल्टचा एआरजीबी तीन पिनांचा असतो, १२ व्होल्टचा आरजीबी चार पिनांचा. ५ व्होल्टची पट्टी १२ च्या हेडरवर लावली की दिवे क्षणात जळतात.

रॅम

आज नव्या मशीनला १६ जीबी ही किमान मर्यादा समजा, ३२ जीबी आरामाची. दोन पट्ट्या घ्या, एक नको. एका पट्टीवर मेमरीची रुंदी निम्मी होते, आणि अंगभूत ग्राफिक्सवर खेळणाऱ्याला तो फटका सर्वांत जास्त बसतो.

चार स्लॉट दिसतात म्हणून चार पट्ट्या भरायचा मोह होतो. डीडीआर५ मध्ये तो महागात पडतो. रायझन ७००० साठी एएमडीचा अधिकृत वेग दोन पट्ट्यांवर डीडीआर५-५२०० आहे. चार पट्ट्यांवर तो ३६०० पर्यंत घसरतो. म्हणून ६४ जीबी हवी असेल तर ३२ च्या दोन घ्या. ‘आत्ता १६ च्या दोन घेतो, पुढे आणखी दोन टाकू’ ही डीडीआर४ च्या काळातली सवय इथे सोडून द्या. एकाच मॉडेलच्या, वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या पट्ट्यांत चिपही निराळ्या निघू शकतात.

वेग आणि सीएल (रॅमच्या प्रतिसादाला लागणारा विलंब) हे दोन आकडे एकत्र वाचायचे असतात. सीएलला २००० ने गुणा आणि वेगाने भागा. उत्तर नॅनोसेकंदांत येतं. डीडीआर५-६००० सीएल३० चे १० नॅनोसेकंद होतात, डीडीआर५-५२०० सीएल४० चे सुमारे १५.४. जुन्या डीडीआर४-३२०० सीएल१६ चेही १० च. एएम५ साठी ६००० सीएल३० ही सगळ्यात समाधानकारक जागा आहे. त्यावर वेग वाढवला तर स्थिरता सांभाळण्याची कटकट जास्त आणि फायदा थोडा.

ग्राफिक्स कार्ड

नाव एक आणि माल दोन, असं इथे घडतं. आरटीएक्स ५०६० टीआय ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन रूपांत येतं. आरटीएक्स ३०६० चं ८ जीबीचं रूप तर १२ जीबीवाल्यापेक्षा अरुंद बसचं (मेमरीकडे जाणाऱ्या वाटेचं), १९२ ऐवजी १२८ बिटचं आहे. नावाबरोबर व्हीरॅम आणि बसची रुंदी दोन्ही तपासा. १०८०पीसाठी ८ जीबी अजून चालते, पण १४४०पीसाठी १२ च्या खाली जाऊ नका. व्हीरॅम भरली की सरासरी फ्रेम ठीक दिसतात, पण मधेच चित्र अडखळतं, टेक्स्चर धूसर राहतात. सेटिंग कमी करून हे झाकता येतं, पण कार्ड नवंकोरं असताना ते का करावं?

जुन्या मशीनमध्ये नवं कार्ड घालणाऱ्यांनी लेनची, म्हणजे डेटाच्या वाटांची, संख्या पाहावी. आरटीएक्स ४०६० ला स्लॉट सोळा लेनचा दिसत असला तरी ते आठच वापरतं, आरएक्स ६५०० एक्सटी फक्त चार. पीसीआयई ४.० च्या बोर्डावर याने बिघडत नाही. ३.० च्या बोर्डावर मात्र डेटा वाहण्याची क्षमता आणखी निम्मी होते, आणि व्हीरॅम भरल्यावर तीच जागा गळफास बनते.

प्रोसेसर कार्डाला अडवतोय का, हे वेबवरच्या ‘बॉटलनेक कॅल्क्युलेटर’ला विचारू नका. खेळ चालू असताना कार्डाचा वापर पाहा. ९५ ते ९९ टक्के असेल तर कार्ड पूर्ण राबतंय. ६०-७० टक्के असेल आणि रिझोल्यूशन उतरवूनही फ्रेम तेवढ्याच राहत असतील, तर प्रोसेसर मागे पडतोय.

एसएमपीएस: काटकसरीची जागा ही नव्हे

बेरीज सोपी आहे. समजा रायझन ७ ७७०० आणि आरटीएक्स ४०७० सुपर. ८८ अधिक २२०, वर बोर्ड, रॅम, ड्राइव्ह आणि पंख्यांचे ६० ते ७० वॅट. झाले सुमारे ३७५. यावर ६५० वॅटचा चांगला एसएमपीएस घ्यावा. एवढी मोकळीक कशाला? ग्राफिक्स कार्ड मिलिसेकंदाहूनही छोट्या क्षणांत आपल्या ठरलेल्या वापराच्या कितीतरी वर उसळी मारतं. सरासरी दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ती दिसत नाही. कमकुवत एसएमपीएसचं संरक्षण अशा वेळी वीज तोडतं आणि मशीन खेळाच्या मध्येच, काही एरर न दाखवता बंद पडतं. २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात या उसळ्यांचा विचार केला आहे; एसएमपीएसने आपल्या क्षमतेच्या दुपटीपर्यंतची उसळी १०० मायक्रोसेकंद सोसावी, अशी त्यात अपेक्षा आहे. नवा एसएमपीएस घेताना ३.० किंवा ३.१ लिहिलेलाच घ्या.

‘८० प्लस गोल्ड’ हा शिक्का कार्यक्षमतेचा आहे. ११५ व्होल्टच्या चाचणीत अर्ध्या भारावर गोल्डला ९० टक्के आणि ब्रॉन्झला ८५ टक्के गाठावे लागतात, बस. आतले कपॅसिटर कसे आहेत, संरक्षण वेळेवर चालतं का, व्होल्टेज किती थरथरतं, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी ऑसिलोस्कोप लावून केलेली परीक्षणं वाचावीत, तीही नेमक्या मॉडेलची. एकाच कंपनीच्या दोन मालिका वेगवेगळ्या कारखान्यांतून येतात. वॉरंटी किती वर्षांची आहे, हाही चांगला अंदाज देतो.

जोडण्यांची क्षमता लक्षात ठेवा: पीसीआयई स्लॉटमधून ७५ वॅट, सहा पिनांच्या प्लगमधून ७५, आठ पिनांच्या प्लगमधून १५०. कार्डाला दोन आठ-पिनी प्लग लागत असतील तर दोन वेगवेगळ्या केबल ओढा. एकाच केबलचं शेपूट दुसऱ्या प्लगला लावू नका. नव्या १२व्ही-२×६ प्लगमधून ६०० वॅटपर्यंत वीज जाते, म्हणून तो पूर्ण आत गेला पाहिजे, कडेला फटीतून धातू दिसता कामा नये. प्लगपासून निदान ३५ मिमी केबल सरळ ठेवून मगच वळवा. अर्धवट बसलेल्या प्लगचं प्लास्टिक वितळतं.

प्रोसेसरचा आठ-पिनी आणि ग्राफिक्स कार्डाचा आठ-पिनी प्लग दिसायला भावंडं. पहिला ४ + ४ असा सुटतो आणि त्यावर ‘सीपीयू’ लिहिलेलं असतं, दुसरा ६ + २ असा सुटतो. ते अदलाबदल करून बसत नाहीत, आणि जोराने बसवायचेही नाहीत.

कॅबिनेट आणि कूलर: पट्टी घेऊन बसा

एटीएक्स बोर्ड ३०५ × २४४ मिमी, मायक्रो-एटीएक्स २४४ × २४४, मिनी-आयटीएक्स १७० × १७०. मोठ्या कॅबिनेटमध्ये छोटा बोर्ड बसतो, उलट नाही. खरी गोची आतल्या मोकळ्या जागेत असते, आणि ती तीन ठिकाणी मोजावी लागते.

पहिली कार्डाची लांबी. कॅबिनेटच्या माहितीत ‘कार्ड ३३० मिमीपर्यंत’ लिहिलं आहे आणि तुमचं कार्ड ३०० चं आहे. वरवर पाहता बसलं. पण पुढच्या बाजूला लिक्विड कूलरचा रेडिएटर लावायचा आहे. रेडिएटरची जाडी २७, पंख्याची २५, मिळून ५२ मिमी. ३३० मधून ५२ गेले, उरले २७८. कार्ड मावत नाही. रेडिएटर वर न्यायचा, तर तिथे बोर्डाच्या कडेपासून छतापर्यंत तेच ५२ मिमी हवेत, आणि उंच रॅम तिथे अडते.

दुसरी कूलरची उंची. एका मनोऱ्याचे चांगले कूलर १५० ते १६० मिमी असतात. कॅबिनेट १५५ म्हणत असेल तर १५८ चा कूलर बसणार नाही. काचेचं दार तीन मिमीही सोसत नाही.

तिसरी रॅमची उंची, जी जवळपास कुणीच मोजत नाही. दोन मनोऱ्यांच्या कूलरचा पुढचा पंखा रॅमच्या डोक्यावर येतो. पंख्याखाली ३५ मिमी मोकळे असतील आणि दिवेवाली रॅम ४५ ची असेल, तर पंखा १० मिमी वर सरकवावा लागतो. म्हणजे १६० मिमीचा कूलर १७० चा झाला आणि पुन्हा दार लागेना. साधी, ३२-३३ मिमीची रॅम घेतली की हा सगळा व्याप मिटतो.

कूलर किती मोठा हवा? ८८ वॅटच्या प्रोसेसरला चार हीटपाइपचा एका मनोऱ्याचा कूलर भरपूर झाला. २०० च्या वर जाणाऱ्याला दोन मनोऱ्यांचा किंवा ३६० मिमीचा लिक्विड कूलर लागतो. लिक्विड कूलरमध्ये पंप हा सगळ्यात उंच बिंदू होऊ देऊ नका. आतली हवा वर जाऊन पंपात साठते, तो गुरगुरतो आणि लवकर मरतो. रायझन ७००० चे वरचे प्रोसेसर पूर्ण भारावर ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच बनवले आहेत, तेव्हा तो आकडा पाहून कूलर परत करायला धावू नका.

कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला जाळी हवी. पुढे सलग काच आणि कडेला बोटभर फट, असं देखणं कॅबिनेट आतल्या पंख्यांना उपाशी ठेवतं. पुढे १२० मिमीचे दोन पंखे आत ओढणारे आणि मागे एक बाहेर फेकणारा, एवढ्यावर मधल्या दर्जाचं मशीन व्यवस्थित चालतं.

एसएसडी

साटा एसएसडी ५५० एमबी प्रति सेकंदाच्या आसपास थांबते, पीसीआयई ३.० ची एनव्हीएमई (एम.२ मधली वेगवान एसएसडी) ३५०० च्या, ४.० ची ७००० च्या. रोजच्या वापरात ३.० आणि ४.० मधला फरक हाताला फारसा जाणवत नाही, ५.० साठी घरगुती मशीनवर जास्त पैसे टाकायचं कारण नाही. वेगापेक्षा आतली मेमरी टीएलसी की क्यूएलसी प्रकारची ते पाहा. क्यूएलसी ड्राइव्हची कॅशे भरली की मोठी फाइल उतरवताना वेग हार्ड डिस्कच्या पातळीवर येऊ शकतो. टिकाऊपणाच्या आकड्याची भीती बाळगू नका: १ टीबीच्या चांगल्या टीएलसी ड्राइव्हवर ६०० टीबीडब्ल्यू (एकूण लिहिता येणारे टेराबाइट) सर्रास असतो, म्हणजे पाच वर्षं रोज सुमारे ३२८ जीबी लिहिलं तेव्हा तो संपेल. नेहमीचं माप २२८०, म्हणजे २२ मिमी रुंद आणि ८० लांब. बोर्डाच्या हिटसिंकखालच्या पॅडवरची पारदर्शक फिल्म काढायला विसरू नका.

वापरलेले भाग आणि खरेदीचा क्रम

वापरलेला प्रोसेसर, वर सांगितलेला अपवाद सोडला तर, निर्धास्त घ्यावा. तो एकतर चालतो नाहीतर नाही. वापरलेला एसएमपीएस कधीच घेऊ नका. वापरलेलं कार्ड घेताना समोर अर्धा तास पूर्ण भारावर चालवून पाहा. जुन्या मशीनवर विंडोज ११ टाकायची असेल तर टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) आणि साधारण इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० मालिका, किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

सगळे भाग आठ-दहा दिवसांच्या आत घ्या. सवलत दिसली म्हणून तीन महिने आधी कार्ड घेऊन ठेवलं, तर बोर्ड येईपर्यंत ते तपासता येत नाही आणि बदलून मिळण्याची मुदत निघून जाते.

कॅबिनेटमध्ये घालण्याआधी टेबलावर

बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या डब्यावर ठेवा. एएम५ किंवा एलजीए सॉकेटमधल्या पिना आधी तिरक्या उजेडात पाहा: सगळ्या एका ओळीत सारख्या चमकल्या पाहिजेत. एखादी वेगळी चमकली तर ती वाकलेली आहे, आणि प्रोसेसर ठेवायच्या आधी हे कळलं तरच विक्रेत्याशी बोलता येतं. सॉकेटचं प्लास्टिकचं झाकण टाकून देऊ नका. बोर्ड वॉरंटीत पाठवताना ते लागतं.

प्रोसेसर, कूलर, रॅमची एकच पट्टी आणि २४ पिनी व आठ-पिनी सीपीयू प्लग, एवढंच जोडा. रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये. दोन पट्ट्या लावाल तेव्हा दुसऱ्या आणि चौथ्यात. कूलरच्या तळाची प्लास्टिक फिल्म काढली का ते पुन्हा बघा. ती राहिली की प्रोसेसर मिनिटभरात शंभरीकडे जातो. पॉवर स्विचच्या दोन पिनांना पेचकसाचं टोक क्षणभर टेकवा, मशीन सुरू होईल.

एएम५ वर पहिल्यांदा सुरू करताना पडदा काही मिनिटं काळा राहतो. बोर्ड रॅमची जुळवणी करत असतो. घाबरून वीज तोडली की ती पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, आणि ‘डिस्प्ले येत नाही’ म्हणून चांगला बोर्ड परत जातो. दहा मिनिटं थांबा. बोर्डावर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट असे चार छोटे दिवे असतील तर कुठला दिवा अडून राहतो ते पाहा. दोष त्याच भागात शोधायचा.

कॅबिनेटमध्ये बसवताना स्टँडऑफ (बोर्ड ज्यांवर टेकतो ते खुंट) बोर्डाच्या भोकांखालीच आहेत ना, ते मोजा. जादा राहिलेला एक स्टँडऑफ बोर्डाच्या मागे टेकला तरी शॉर्ट होतो.

पहिल्या दिवशीची सेटिंग

रॅम आपोआप डब्यावरच्या वेगाने चालत नाही. बायोसमध्ये जाऊन एक्स्पो किंवा एक्सएमपी (रॅमच्या वेगाची तयार सेटिंग) चालू करा आणि एक रात्र मेमटेस्ट (रॅमची चाचणी) चालू ठेवा. एकही चूक दिसली तर वेग एक पायरी खाली आणा. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला लावा, बोर्डाच्या पोर्टला नव्हे. विंडोजमध्ये डिस्प्लेच्या प्रगत सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट स्वतः १४४ किंवा असेल तेवढा निवडा; पुष्कळदा तो ६० वरच राहिलेला असतो आणि लोक वर्षभर तसेच खेळत राहतात.

उरलेल्या मॉड्युलर (एसएमपीएसपासून सुट्या होणाऱ्या) केबल एका पिशवीत घाला आणि पिशवीवर एसएमपीएसचं पूर्ण मॉडेल लिहून ठेवा. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची मांडणी कुठल्याही मानकात ठरलेली नाही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही ती वेगळी असू शकते. प्लग मात्र बिनतक्रार बसतो. दुसऱ्या एसएमपीएसची साटा केबल लावली तर ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊ शकतात, आणि पुढच्याच क्षणी ड्राइव्ह त्यातल्या सगळ्या फायलींसकट जातो.